मागच्या पानावरचं अक्षर

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाच्या आम्ही मायलेकी! आष्टीपासून पाऊण तास जीप, माझ्या मांडीवर कुकर, कुकरात लाडू आणि लाडवांवर नजर ठेवून बसलेली माझी सहा वर्षांची माऊ. नवरा, सुग्रीव, चाकणच्या कारखान्यात, त्याला सुट्टी कुठली! सामान आम्हीच वाहिलं.

शाळा दोन खोल्यांची, समोर कडुलिंब. मुख्याध्यापक रामप्रसाद सर, खिचडी शिजवणाऱ्या मालनबाई आणि आता नवी शिक्षिका मी, एवढाच दरबार. माऊच्या डाव्या भुवईवरची खोक बघून मालनबाईंनी विचारलं, लेकरू कुठं आपटल्तं म्हणून. झोक्यावरून, मी सांगितलं. नाव विचारलं तर पोरीने शाळेतलं खरं नाव ठणकावून सांगितलं. आत्याने बारशाला ठेवलेलं हे नाव इतकं लांबलचक आहे की घरात कोणी ते घेतच नाही. मला तर इथे लिहायचाही कंटाळा येतो. माऊ ती माऊच.

रात्री माऊने ही वही पळवली आणि मागच्या पानावर स्वतःचं नाव लिहायला बसली. एक वाकडा 'रे' काढून झाला तोच मी वही हिसकावली, खराब करू नकोस म्हणून. केवढी रुसली! लाडू दिला तेव्हा कुठे बोलली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आल्या आल्या सरांनी काम गळ्यात मारलं. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं आहे, म्हणून सगळ्या मुलांची यादी संगणकात नव्याने करायची. एकेकाला टेबलाशी बोलावून विचारते आहे: नाव काय, आईचं नाव काय. संगणक कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेला. लाईट गेली की त्याने मान टाकलीच.

आत्ताही तेच झालंय, म्हणून वही काढली. अडतीस नावं झाली होती. शेवटची दैवशाला, चौथीतली, आई साखराबाई, केसांत लाल रिबीन. माझं नाव नीट लिवा बाई, अशी मलाच तंबी देऊन गेली. मी मात्र मधूनमधून सेव्ह करायचं विसरले.

लाईट आली. संगणक म्हणतोय, बंद पडण्याआधीची फाईल वाचवली आहे, ठेवायची का? ठेव बाबा, उपकार झाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

यादी सदतीसची आहे आणि पूर्ण आहे, असंच मी धरून चालले होते. डबा खाताना सहज कालचं पान उघडलं. दैवशाला कोण? अक्षर माझंच, पण चेहरा आठवेना. चौथीच्या रांगेत एक जागा रिकामी.

सर म्हणाले, तोडीला गेली असंल कोणी. दिवाळी झाली की इथला निम्मा गाव लेकरांसकट ऊसतोडीला जातो. रिकाम्या जागेचं कोणाला काही वाटत नाही.

साखराबाई मात्र गावातच होती. मला दोन पोरंच हायेत, पोरगी न्हाई झाली, म्हणाली. बोलताना बोटांना एक लाल रिबीन गुंडाळत होती. ती कोणाची, ते तिला सांगता येईना. मला तिथे उभं राहवेना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नाव पुन्हा टाकलं. दैवशाला, आई साखराबाई. दोनदा सेव्ह केलं. मान वर केली तर चौथीच्या रांगेत लाल रिबिनीची मुलगी पाढे म्हणत बसली होती. कोणीही दचकलं नाही.

म्हणजे टाईप केलं, सेव्ह झालं नाही आणि ते नाव नसलेली वाचवलेली फाईल ठेवली, की ते लेकरूच राहत नाही. फोटो, कागद, आठवण, काही नाही. हाताने लिहिलेलं तेवढं राहतं. सरांना सांगितलं, माऊचं नाव संगणकात टाकू नका. ते हसले. लाईटीचा लईच धसका घेतला बगा तुम्ही, म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लाईट गेली. सर व्हरांड्यात येऊन कौतुकाने सांगतात, तुमच्या लेकीचं नाव शेवटच्या ओळीत बराबर टाकून दिलं. सेव्ह केलं का विचारलं तर— लाईट आली. सर आत गेले. ओरडले मी, काही दाबू नका— आधी नाव लिहून ठेवते. माझी मुलगी माऊ, शाळेतलं नाव

दुपार

वर काय लिहून ठेवलंय हे? माऊ कोण?

संध्याकाळ

पहिल्या पानापासून वाचलं. वाचून रडू येतंय, आणि कोणासाठी ते कळत नाही. दारात लहान चप्पल आहे. फोनमधल्या प्रत्येक फोटोत मी एकटी. नणंदेला विचारलं, बारशाला काय नाव ठेवलं होतं? ती म्हणाली, कोणाच्या बारशाला?

सुग्रीवचा फोन. एकटीला करमतं का गं तिथं, म्हणाला. एखादं लेकरू असतं तर बरं झालं असतं.

मागच्या पानावर वाकडा 'रे'. तेवढंच.

८ नोव्हेंबर, शनिवार

'रे'वरून सुचतील ती नावं यादीत टाकून बघते. रेणुका. आईचं नाव शिवकन्या, म्हणजे मी. सेव्ह केलं.

दारात एक मुलगी. मला आई म्हणाली. भुवई बघितली. डावी. खोक नाही.

माझी नाही ही.

रेवती. दुसरी आली. तीही आई म्हणते. खोक नाही.

रेश्मा— नाही. नाही.

तिघी शेजारी शेजारी बसल्यात. भूक लागली म्हणतात. मालनबाईंनी तिघींना वाढलं, तुमच्या लेकी गुणाच्या हायेत म्हणाल्या. नावं खोडू कशी? आई म्हणतात मला—

लांबलचक नाव. रेणुका-काहीतरी? रे—

लाईट मिचमिचते आहे.

पहिली, रेणुका, जवळ आली. वही मागते आहे. मागच्या पानावर तिचं नाव अर्धं राहिलंय म्हणते, त्या दिवशी तू हिसकावलीस, आता पूर्ण करू दे. हिने हाताने लिहिलं तर तो 'रे' हिचाच होऊन राहील. मग माझी माऊ कधीच— पेन धरलं तिने— वही सोड— सोड ग