पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

३ मार्च, सोमवार. दुपारी १ वाजून २० मिनिटं.

डबा खाऊन झाला. पुस्तकांचा गठ्ठा दाबाखाली आहे. खळ वाळेपर्यंत अर्धा तास मोकळा, म्हणून मोबाइलवर वाचकांचा ग्रुप उघडला.

चारशे बारा माणसं. त्यातले चारशे जण पुस्तकं वाचत नाहीत, पुस्तकांचे फोटो काढतात. पुस्तक, शेजारी कॉफीचा कप, कपाशेजारी चष्मा. त्या चष्म्याला नंबर नसतो, पैज लावतो! ग्रुपप्रमुख वर्षाला शंभर पुस्तकं वाचतात आणि प्रत्येकाचा आकडा जाहीर करतात. मनातल्या मनात मी त्यांना शंभरीवाले म्हणतो. आज त्यांनी वाचनसंस्कृतीवर सहा ओळी लिहिल्या. सहा ओळींत पाच चुका. मी पाचही दाखवल्या, नम्रपणे. उत्तर आलं — 'धन्यवाद सर!'

सर! त्यांना वाटतं मी कुठेतरी शिकवतो. मी दहावीनंतर शाळेची पायरी चढलेलो नाही. शुद्ध लिहायला शिकलो ते छापखान्यातून येणाऱ्या रद्दी प्रुफांवरून. लाल शाईने केलेली प्रत्येक दुरुस्ती वहीत उतरवायचो. मी बाइंडर आहे हे ग्रुपवर कुणाला माहीत नाही. विचारलंही नाही कुणी.

घडीवाल्या मावशी समोरच्या टेबलावर कागद दुमडत होत्या. म्हणाल्या, "त्या डबीत बघून एवढं तोंड वाकडं करतोस, तर बघतोस कशाला?"

मोबाइल खिशात टाकला. दाब सोडायची वेळ झाली.

४ मार्च

शंभरीवाल्यांचं एकविसावं झालं. हा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो?

६ मार्च, गुरुवार

गेल्या महिन्यात आम्ही बांधलेलं पुस्तक ग्रुपवर आलंय! एका निवृत्त नर्सबाईंच्या आठवणी. स्वतःचे पैसे घालून तीनशे प्रती काढल्या त्यांनी. चाळीस प्रती शंभरीवाल्यांना भेट दिल्या, त्यांनी त्या सभासदांना वाटल्या. आता सगळे तुटून पडलेत. 'देवदूत.' 'पांढऱ्या कपड्यातली माउली.' 'डोळे पाणावले.' एकाचे डोळे सकाळी साडेआठला पाणावले आणि पुस्तक त्याला काल संध्याकाळी मिळालं होतं.

नर्सबाईही ग्रुपवर आहेत. प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवतात.

मीही लिहिलं. 'साधी, प्रांजळ भाषा. शेवट मनात रेंगाळतो.' एकही चूक नाही. तेहतीस जणांना आवडलं.

७ मार्च, शुक्रवार

घाईने लिहितोय. अक्षर वाईट येईल.

मालकांनी खिडकीजवळचा पसारा आवरायला सांगितला. स्टुलावर जुनी कव्हरं पडली होती. कव्हरांखाली घडी घातलेल्या कागदांची चवड. वरच्या पानावर आकडा — ११३.

नीट लिहितो, म्हणजे मलाच नीट कळेल. एक मोठा कागद दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. नर्सबाईंचं पुस्तक एकशे साठ पानांचं. म्हणजे दहा फर्मे. दहा चवडी टेबलावर ओळीने मांडायच्या, टेबलाभोवती फिरत प्रत्येकीतून एक उचलायचा. एक फेरी म्हणजे एक पुस्तक. त्या दिवशी टेबलावर नऊच चवडी मावल्या. आठवी मालकांनी स्टुलावर ठेवली. बाईंना दहा प्रती घाईने हव्या होत्या, त्या मालकांनी स्वतः जुळवल्या. जाताना म्हणाले, "आठवा स्टुलावर आहे बरं का." मी "हो" म्हणालो. मोबाइल टेबलाच्या कडेला उभा होता. ग्रुपवर एका बाईशी माझा ऱ्हस्व-दीर्घावरून वाद चालला होता.

दोनशे नव्वद फेऱ्या मारल्या मी. दोनशे नव्वदही वेळा स्टूल पाठीमागे होतं.

आता आठवतं — कव्हर पाठीवर जरासं सैल बसत होतं. मी काय केलं? खळ जास्त लावली!

माझ्या आधीच्या कारागिराने पन्नास पुस्तकांना कव्हर उलटं चिकटवलं. मालकांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं, चहाही पूर्ण पिऊ दिला नाही. मी चवड पुन्हा कव्हरांखाली झाकली.

आणि एक. तो शेवट, जो माझ्या मनात रेंगाळला — तो मी वाचलेलाच नाही. पुस्तकातलं मी काहीच वाचलेलं नाही.

८ मार्च, शनिवार

पान ११२ ची शेवटची ओळ — 'त्या दुपारी वॉर्डात मी एकटीच होते. हातात'

पान १२९ ची पहिली ओळ — 'निवृत्तीचा कागद घेऊन मी दारातून बाहेर पडले.'

जुळतं! सैतानाने जुळवावं तसं जुळतं! पण पानाचा आकडा सतराने उडी मारतो, बाईंच्या आयुष्यातली कित्येक वर्षं गायब होतात. कुणाला तरी खटकायला हवं. ग्रुपवर साळसूदपणे विचारलं, 'एकशे बाराव्या पानानंतर कुणाला काही जाणवलं का?'

शंभरीवाले — 'अप्रतिम प्रश्न सर. लेखिकेने घेतलेली धाडसी काळउडी!'

दुसरे एक — 'ती उडी वाचताना अंगावर काटा आला.'

कॉफीच्या कपवाली — 'मला तर तोच भाग सर्वांत जास्त भावला.'

तोच भाग. जो नाही तो!

मोबाइल उलटा टाकला. आणि हेही लिहिलं पाहिजे, कारण इथे खोटं लिहायचं तर वही कशाला — तो उलटा टाकायच्या आधी मला हायसं वाटलं. कुणी वाचत नाही. म्हणजे मी सुटलो.

९ मार्च, रविवार

आठव्या फर्म्याचा एक कागद घरी आणला होता. वाचला.

बत्तीस वर्षांपूर्वीची दुपार. बारा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन बाईंनी चौदा नंबरच्या खाटेवरच्या बाईला दिलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. कुणाला संशय आला नाही. नर्सबाई बोलल्या नाहीत. त्या बाईचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, जिन्यात बसलेला. पान १२६ वर लिहिलंय — 'हे एक सांगता यावं म्हणून बाकीचं पुस्तक लिहिलं.'

बाकीचं पुस्तक तेवढं लोकांकडे गेलं.

१० मार्च, सोमवार

मावशी घडी घालता घालता वाचतात, हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं. आज आपण होऊन विचारलं, "त्या नर्सबाईला कुणी बोललं का रे काही? चुकीची सुई दिली होती ना तिने."

"कुणीच नाही बोललं."

"तुझ्या त्या डबीतली माणसंसुद्धा?"

"सगळे देवदूत म्हणतात."

मावशींनी कागद हाताने सपाट केला. "मोठ्या मनाची माणसं आहेत म्हणायची. आणि तू त्यांना नावं ठेवतोस!"

संडासात जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं.

१३ मार्च, गुरुवार

नर्सबाई आल्या होत्या. बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन. मालक बाहेर गेले होते. बाई ठेंगण्या, केस अगदी बारीक कापलेले, बोलताना समोरच्याचं मनगट धरतात, जणू नाडी मोजतायत.

"तुम्हीच बांधलंत ना? छान झालंय हो! मी तर उशाशी घेऊन झोपते." उशाशी आहे ती मालकांनी जुळवलेली प्रत. तिच्यात सगळी पानं आहेत.

मग पिशवीतून पत्र काढलं. चौदा नंबरच्या बाईचा मुलगा आता एकेचाळीस वर्षांचा आहे. बाईंनी त्याचा पत्ता शोधून काढला आणि त्याला एक प्रत पाठवली. भेटप्रतींच्या गठ्ठ्यातली. माझ्या हातची.

त्यांनी उभ्याउभ्या वाचून दाखवलं — 'पुस्तक मिळालं. माझ्या आईच्या अखेरच्या दिवसांत तुम्ही जी सेवा केलीत ती आम्ही कधीही विसरणार नाही.'

"सगळं वाचून असं लिहिलंय त्याने!" बाई म्हणाल्या. "सगळं वाचून! शिव्या देईल, कोर्टात खेचेल, असं वाटलं होतं. बत्तीस वर्षांत मी जिना चढताना कधी वर बघितलं नाही. आता बघते."

मावशी डोळ्यांना पदर लावत होत्या. मी बिस्किट खाल्लं. दिलं म्हणून खाल्लं.

१४ मार्च

ग्रुपवर नवं पुस्तक आलंय. नर्सबाईंचं आठवडाभरात जुनं झालं.

१५ मार्च, शनिवार

दोन बाजू मांडून पाहिल्या. न सांगावं — बाई सुखात आहेत, मुलगा सुखात आहे, माझं काम टिकेल. सांगावं — ते खरं आहे.

पहिल्या बाजूला तीन गोष्टी, दुसऱ्या बाजूला एक. तरी पारडं हलत नाही. मला स्वतःचीच किळस येते. ग्रुपवरच्या लोकांनी न वाचता माफ केलं. मी वाचून गप्प बसलोय.

१७ मार्च, सोमवार

मावशींना सांगितलं. स्टूल, चवड, सगळं. त्यांनी घडी थांबवली नाही.

"तिने बत्तीस वर्षं काढली," एवढंच म्हणाल्या. मग पुढचा कागद ओढत, "तुझं वय काय आत्ता?"

"तेवीस."

"मोज मग."

१८ मार्च, मंगळवार

मालकांना सांगितलं. ओरडतील म्हणून दाराजवळ उभा राहूनच सांगितलं. ओरडले नाहीत. तेच जास्त वाईट.

"कुणाची तक्रार आली?"

"नाही."

"बाईंची?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"मग अडलंय काय? ती चवड रद्दीत घाल. पुस्तकं काय, लोक कपाटात ठेवायला घेतात. सोळा पानांनी कपाट हलकं होत नाही."

"पण त्यातच सगळं—"

"हे बघ. बाईंच्या कानावर गेलं तर दोनशे नव्वद पुस्तकं पुन्हा बांधून मागतील. तू सांगितलंस तर तू उद्यापासून येऊ नकोस. साधं आहे."

मालक आयुष्यभर पुस्तकं बांधतायत. शंभरीवाल्यांना तेच वाटतं जे मालकांना वाटतं, फक्त मालक ते शुद्ध मराठीत बोलतात.

१९ मार्च, बुधवार

गेलो. चवडीचे दोन गठ्ठे केले, दोन हातांत दोन. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर.

दार उघडल्यावर त्या हसल्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. घोकून गेलो होतो, त्याच क्रमाने सांगितलं. फर्मा, स्टूल, मोबाइल, दोनशे नव्वद.

बाई वरच्या कागदावरचा आकडा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला माहीतच नाही."

"नाही."

"कुणालाच माहीत नाही."

"घडी घालणाऱ्या मावशींना आहे. आणि मला."

"तुमची चूक पकडली होती कुणी?"

"नाही."

"आणि तरी आलात." त्या माझं मनगट धरतील असं वाटलं. धरलं नाही. खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकदम खूप म्हाताऱ्या दिसल्या. "अजून चार दिवस उशिरा आला असतात तर काय बिघडलं असतं हो?" रागाने नाही बोलल्या. खरंच विचारत होत्या.

मी दारापर्यंत आलो, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "रविवारी मोकळे आहात का? एकटीने जमायचं नाही."

२० मार्च, गुरुवार

मालकांनी विचारलं, "चवड कुठाय?"

"बाईंकडे."

ॲप्रन खुंटीला लावून ठेवला. मावशी उठून दारापर्यंत आल्या. तीन वर्षांत त्यांना कामाच्या वेळेत टेबल सोडताना मी पाहिलं नव्हतं. मालकही बघत राहिले.

२१ मार्च

ग्रुप सोडला. कारण लिहिलं नाही. दहा मिनिटांत शंभरीवाल्यांचा निरोप — 'सर, काही चुकलं का?' चूक एकही नव्हती.

नर्सबाईंचं पुस्तक काढलंय. पान एकपासून. मला वाटलं त्यापेक्षा बरं लिहितात.

२३ मार्च, रविवार

चौदा नंबरच्या बाईच्या मुलाचं घर. त्याने अगत्याने आत घेतलं, आईच्या नर्सबाई म्हणून बायकोला ओळख करून दिली. पुस्तक टीव्हीशेजारी होतं. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. बाईंनी पिशवीतून फर्मा काढला आणि बसल्या बसल्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पान एकशे तेरा. दुसऱ्या पानावर त्याने टीव्ही बंद केला. सोळावं पान संपलं. मग त्याने हात लांबवून पुस्तक घेतलं, दातांनी प्लास्टिक फाडलं आणि पहिलं पान उघडलं. आम्हाला जा म्हणाला नाही. बसा म्हणाला नाही. वाचू लागला.