दोन्ही सारखेच

आमली, सिल्वासा
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. चेतन,

तुला, मानसीला आणि आमच्या गुड्डीला आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडली की तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती ऐकते कुठे? परवा तीन जिने चढून गच्चीवर आलीच. इथलं उत्तरायण तुला माहीत आहे. दोन दिवस सगळी आमली गच्चीवर होती. शेजारच्या पप्पूने आपल्यासाठी म्हणून एक पतंग उडवला आणि मी खुर्चीत बसून ओरडत होतो, ढील दे, ढील दे. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काका, आपणो तो क्यारनो कपाई गयो! केव्हाच कटला, तुम्ही कुणाच्या पतंगाला ओरडताय?" सगळे हसले. मीही हसलो.

फोन करायचा सोडून नानांनी पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं' म्हणशील आणि मी वीजबिलाबद्दल बोलत बसेन. दिवाळीपासून आपलं असंच चाललंय. तेही आईच्या फोनवरून. म्हणून वहीची चार पानं फाडली. अक्षर मोठं आलंय, तेवढं चालवून घे.

तू दिवाळीत दिलेला लॅपटॉप व्यवस्थित आहे. आईने त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलंय. वीजबिल त्यावर भरतो, कंपनीचे मेल बघतो, रविवारी एखादं कीर्तन लावतो. गेल्या आठवड्यात आमच्या डिस्पॅचचा नीलेश घरी आला होता. त्याला मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. विचारत होता, "नाना, एवढा भारीतला घेऊन खरंच फायदा असतो का?" मी त्याला चांगलं लेक्चर दिलं. म्हटलं, हा पटकन चालू होतो, पण मला घाई कसली? वजनाला हलका, पण मी तो टेबलावरून हलवत नाही. बॅटरी दिवसभर पुरते, आणि आमचा बसलाय प्लगला चिकटून. बिलं भरायला, पत्रं लिहायला, पोरीच्या कॉलेजला साधा घे आणि उरतील त्यात तिला चांगली खुर्ची घेऊन दे. पटलं त्याला. मग त्याने सहज तू टाकलेले फोटो उघडले आणि म्हणाला, "पण नाना, रंग काय दिसतात हो याच्यात!"

मी म्हटलं, हो ना.

चेतन, त्या 'हो ना'साठी हे पत्र आहे. आणि तुझी आई मघापासून दारात उभी आहे. म्हणते, "आते तरी सांगी द्या तुम्ही पोऱ्याले."

दिवाळीत वापीच्या त्या दुकानात तू दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवायला लावलेस. दोन्हींवर एकच फोटो, समुद्राचा की शेताचा कोण जाणे. दुकानदार म्हणत होता, "अंकल, इसमें कलर एकदम असली दिखेगा." तू म्हणालास, "नाना, तुम्ही आयुष्यभर रंग बघितले. तुम्हीच सांगा यातला कोणता." किती आनंदात होतास! मी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून बघितलं. आणि म्हटलं, दोन्ही सारखेच आहेत, स्वस्तातला घे. तू समजावत राहिलास तसा मी चिडत गेलो, आणि त्या परक्या माणसासमोर तुला बोललो, पैशाची मस्ती आलीय तुला. तू महागातलाच घेतलास. चार दिवस राहणार होतास, दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालास. तुला वाटलं, बापाला तुझ्या कमाईचं कौतुक नाही.

मला खरंच दोन्ही सारखेच दिसले रे.

महागातला कोणता आणि साधा कोणता, ते मला ओळखता आलं नाही. शेजारी उभ्या पोरासोरांनाही दिसत असणार. सिल्वाशातल्या सूत रंगवणाऱ्या अर्ध्या डाय-हाउसवाल्यांनी ज्याला 'शेड मास्टर' म्हणून हाक मारली, त्या माणसाला दिसलं नाही. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी कसा ओरडतो ते तू लहानपणापासून बघतोयस.

डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आई सोबत होती. शुगरने आतून नुकसान केलंय म्हणाले. निळ्या-हिरव्यातला फरक गेलाय, पिवळ्या-पांढऱ्यातला जातोय. राहिलंय ते सांभाळू, गेलेलं परत येणार नाही. आईला मी शपथ घातली की तुला सांगायचं नाही. दीड महिना तिने कसा तोंड मिटून काढला, तिलाच ठाऊक.

एवढंच असतं तरी मी लिहिलं नसतं, उगाच खोटं कशाला बोलू? निवृत्तीला दोन वर्षं आहेत. अंदाजाने, सवयीने, लोकांची तोंडं बघून काढली असती. पण मी एक वाईट काम केलंय.

आमच्या लॅबमध्ये भक्ती आहे, नाशिकची. मागे जेवायला आली होती तेव्हा गुड्डीला तिने रंगीत सुताची बाहुली करून दिली होती, तीच. नोव्हेंबरच्या शेवटी फिकट निळ्या सुताचा मोठा लॉट होता. ती नमुना घेऊन आली. "सर, हिरवट झाक येतेय. रंग मोजायच्या मशीनचा आकडाही तेच सांगतोय." तुला माहीत आहे, आमच्याकडे मशीन काहीही म्हणो, लॉट सुटतो तो मास्तराच्या डोळ्यावर. मी लाइटच्या पेटीत नमुना धरला. मला तो बरोबर दिसला. म्हटलं, मशीनला काय कळतं, तू पास लिही, मी बघतो. आठ वर्षं माझ्या हाताखाली काढलेली मुलगी ती. तिने पास लिहिलं.

डिसेंबर संपता संपता सगळा लॉट परत आला. आमच्या प्लांटच्या हेमंतसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं. तोवर डॉक्टरांचं मला सगळं सांगून झालं होतं, हे लक्षात घे. साहेबांनी मला विचारलं, "मास्टर, हे सुटलं कसं?" आणि मी म्हणालो, "लॅबने नीट बघायला हवं होतं."

भक्तीने माझ्याकडे फक्त बघितलं. ती बोलली असती तर साहेबांनी ऐकलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिला मेमो मिळाला. आता ती पॅकिंगला बसते, सुताच्या कोनांवर स्टिकर लावते. लॅबमध्ये एक नवा माणूस आलाय. तो मी म्हणेन त्याला हो म्हणतो.

काल ती खात्यात तिळगूळ घेऊन आली. सगळ्यांना दिला, मलाही दिला. मला शुगर आहे म्हणून डब्यातला सगळ्यात छोटा दाणा शोधून हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि मला खाली बसावं लागलं. तिलाच वाटलं मला चक्कर आली. पाणी आणायला तीच धावली.

मी फार दमलोय, चेतन. रोज सकाळी निळं कोणतं आणि हिरवं कोणतं हे दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. आईने काढून ठेवलेला शर्ट कोणत्या रंगाचा आहे ते विचारायचं नाही. कोणी नमुना घेऊन येताना दिसला की संडासाकडे निघायचं. एवढं कष्टाचं काम मी उमेदीतही कधी केलं नव्हतं.

तू सात वर्षांचा असताना मी खिशातून सुताचे तुकडे आणायचो, आठवतं? ओळखायच्या आधी तीनदा बघायचं, असा नियम होता. एकदा तू तीनदा बघून म्हणालास, "नाना, हा निळा रुसलाय." मी दुसऱ्या दिवशी खात्यात सगळ्यांना सांगत फिरलो होतो. खरंच त्या निळ्यात किंचित काळं जास्त झालं होतं.

आज सुट्टी टाकली. सकाळी तुझा लॅपटॉप उघडला, अक्षरं एवढी मोठी केली की एका ओळीत चारच शब्द मावत होते, आणि हेमंतसाहेबांना मेल लिहिला. भक्तीने सांगितलं होतं, मशीननेही सांगितलं होतं, पास मी लिहायला लावलं, आणि माझे डोळे गेलेत हे मी लपवलं. तिचा मेमो मागे घ्या, तिला लॅबमध्ये बसवा, आणि मला शेड बघायच्या कामावरून काढा. दोन तास लागले. आईला वाचून दाखवला. ती उठून चहा करायला गेली. मग मी पाठवून दिला. भक्तीकडे उद्या जाणार आहे. ते मेलवर भागणारं नाही.

एवढं लिहायला साधा लॅपटॉपही पुरला असता, नीलेशला मी खोटं नाही सांगितलं. पण हा समोर होता आणि तू दिलेला होता. दुसऱ्या कशावर माझ्याकडून ते लिहून झालं असतं असं मला वाटत नाही.

साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. घरी बसवतील किंवा स्टोअरला टाकतील. तू त्याची काळजी करू नकोस, आणि लगेच पैसे वगैरे पाठवायला निघू नकोस. जमलं तर एकदा येऊन जा. लॅपटॉप उघडला की एका डोंगराचा फोटो येतो. आई म्हणते संध्याकाळचा आहे, पण ती फार घाईत बघते. तू शेजारी बस आणि मला त्यातला एकेक रंग सांग. तीनदा बघून सांग.

दोन्ही सारखे नव्हते, हे तुला सांगायला अडीच महिने लावणारा,

तुझा
नाना