मेणाचा पेरू

पासिर रिस, सिंगापूर
दि. ८ मार्च २०२५

अखंडसौभाग्यवती, वज्रचुडेमंडित, गंगाजलनिर्मळ, कोथरूडक्षेत्रनिवासिनी, बंधुकर्णपीडननिपुण उर्मिलाताईसाहेब यांचे चरणी धाकटा बंधू पद्मनाभ याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपली कन्या गार्गी क्षितिजला लग्नास होकार का देत नाही, याचा छडा लावण्याची आज्ञा शिरोधार्य मानून काल आम्ही मामा-भाची क्लेमेंटी भागात त्याच्या फ्लॅटवर गेलो. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या या संशोधिकेचे म्हणणे असे, की दिसते ते असतेच असे नाही. पाण्यातली सरळ काठीही वाकडी दिसते. सबब मुलाचा सालसपणा खरा की भासमान, हा निर्णय गेली दोन वर्षे स्थगित.

टेबलावर पेरू होते. आग्रहाची प्रतीक्षा न करता मी एक उचलून सर्व दंतबलानिशी चावला. मेणाचा निघाला! शोभेचा! गार्गी लाजेने अर्धी झाली. क्षितिजने मात्र, सर्व ठाऊक असून, दुसरा उचलला, कचकन चावला आणि यंदा पेरू जरा कडकच निघाले मामा, असे तो गंभीरपणे म्हणाला.

परतताना एमआरटी रेल्वेत बसताच गार्गीने सांगितले, की एका राजाने स्टोइक पंथाच्या एका ग्रीक तत्त्वज्ञापुढे अशीच मेणाची डाळिंबे ठेवली. तो फसला. राजा हसताच तत्त्वज्ञ उत्तरला, की ही डाळिंबे आहेत असे मी मानलेच नव्हते. असणे संभवनीय आहे, एवढेच मानले. माणसाला तेवढ्यावरच हात पुढे करावा लागतो, असे म्हणून तिने तिथूनच क्षितिजला होकार कळवला.

आपला दंतविव्हल,
पद्मनाभ

पुणे
दि. १९ मार्च २०२५

चि. पद्मनाभ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी देवापुढे साखर ठेवली, मग पोट धरून हसले. तुला छडा लावायला धाडले होते, फराळाला नव्हे! लहानपणी आरासीतला मातीचा मोदकही तूच चाटला होतास. गार्गीला फोनवर लग्न नक्की ना विचारले, तर म्हणते, अत्यंत संभवनीय आहे. असल्या उत्तरावर कार्यालयवाला तारीख देतो का रे? तूच विचार तिला.

लोभ आहेच, तू चावण्याआधी बघायला शिकलास तर वाढेल.

तुझी ताई

पासिर रिस
दि. २ एप्रिल २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पृच्छा केली. संशय ग्रंथांपुरता, डिसेंबर निःसंशय, असे कन्यारत्नाचे वचन आहे. कार्यालय धरावे. या मूढ बंधूवरील माया मेणाची नसावी, एवढीच प्रार्थना.

आपला,
पद्मनाभ

ता. क. उजव्या दाढेची कॅप त्या पेरूतच रुतली आहे. उभयतांनी तो पेरू स्मृतिचिन्ह म्हणून काचेच्या कपाटात ठेवला असून हात लावू देत नाहीत. दंतवैद्य म्हणतो, कॅप आणा, लगेच बसवतो. काचेतून ती स्पष्ट दिसते, ताई. मिळत नाही. नुसत्या डाव्या बाजूने चकली कशी खायची?