मामांची उचलबांगडी

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच बरा, सध्या मान वर करायची सोय नाही.) इकडे सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? मामींना नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना वाचायला देऊ नका.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत यंदा ‘उचलबांगडी’ हा शब्द माझ्या वाट्याला आला. अर्थ सोपा. माणसाला हातापायांना धरून उचलून नेणे, आणि त्यावरून, मर्जीविरुद्ध जागेवरून किंवा पदावरून हलवणे. गाडी अडते ती उदाहरणापाशी. आमच्याकडे शिरस्ता असा, की रचलेलं वाक्य चालत नाही, घडलेलं लागतं, आणि ते सगळ्यांसमोर वाचावं लागतं. बाकीचे लोक अशा वेळी एखादा अधिकारी किंवा मंत्री शोधतात. मला नेमके तुम्ही आठवलात.

मी वाचलं, ‘पाहुण्या येणार म्हणून भाच्याने बाहेरच्या खोलीतून मामांची उचलबांगडी केली.’ संपादकांनी चष्मा काढला (कोणाची खरडपट्टी काढायची असली की आधी ते चष्मा काढतात) आणि नेमकं काय झालं ते विचारलं. मग सांगणं भाग पडलं. हिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई चहाला यायच्या होत्या, हिच्या बढतीचा प्रश्न होता, आणि उपचारांसाठी आमच्याकडे राहायला आलेले तुम्ही बाहेरच्या खोलीत बनियनवर बसून गुडघ्याला तेल चोळत होतात. शिवाय तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याचा चहा गार होतो, हे तुम्हीही नाकारणार नाही. म्हणून मी आणि शेजारच्या सुताराने तुम्हाला खुर्चीसकट उचलून मागच्या खोलीत, न धुतलेल्या कपड्यांशेजारी नेऊन ठेवलं आणि दार लोटलं. तुम्ही म्हणालात, “अरे, गेलो असतो की मी चालत. किती जपता रे मला.”

संपादक म्हणाले, वाक्य बाद. उचलबांगडीत माणसाची मर्जी नसते, तुमच्या मामांनी तर कौतुक केलं. मग याला शब्द कोणता, असं मी विचारलं. टेबलाभोवती एवढे विद्वान, पण कोणाला सुचला नाही. मला दोनचार सुचले होते, पण ते कोशात छापता येत नाहीत आणि सगळे मलाच लागू पडत होते. मामा, फार लाज वाटली. त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी ‘गुडघा बरा झाला’ म्हणत तुम्ही निघालात. तो बरा झालेला नव्हता हे मला दिसत होतं, तरी मी धावत जाऊन गाडी बोलावली.

तुमचा,
भाचा

ता. क. : सांगायचं ते एवढंच, की पुन्हा राहायला या. राहिलेले उपचार इथेच पुरे करू. बाहेरची खोली तुमचीच समजा.

ता. क. २ : फक्त येता रविवार टाळा. त्या बाई परत चहाला यायच्या आहेत. बढतीचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

ता. क. ३ : वरचं लिहून झाल्यावर वाचलं आणि कपाळाला हात लावला. रविवारीच या. बाहेरच्या खोलीतच बसा. आणि मी “आत चला” म्हणालो, तर उठू नका.