दाराजवळची निळी बॅग

अल बर्शा, दुबई
५ ऑगस्ट

प्रिय आई,
वाकून नमस्कार.

कॅनडाचा व्हिसा आला. निखिलची नोकरी पक्की आहे, तू काळजी करू नकोस. माझं तिथे गेल्यावर ठरेल. आमची जुनी शेजारीण संपदा तिथूनच सांगत होती, "दुबईची बारा वर्षं इथे कुणी विचारत नाही. पहिलं वर्ष मिळेल ते काम घे." बारा वर्षं गणित शिकवलं आणि आता मिळेल ते काम! जाऊ दे, होईल.

काल एसी सोळावर ठेवून सगळ्यांनी कोट घालून पाहिले. बाहेर बेचाळीस डिग्री. शुभ्रा म्हणाली, "ममा, धिस इज नथिंग!" हिला काय ठाऊक?

तुझ्या पायांची सूज उतरली का? फोनवर नुसतं "बरी आहे" म्हणू नकोस, कॅमेरा पायांवर धर.

आवराआवरीत दाराजवळची निळी बॅग हातात आली. बाबांच्या वेळी कपडे भरता भरता माझं विमान चुकलं, तेव्हापासून ती भरलेलीच असते. दोन ड्रेस, पासपोर्ट, आपल्या घराची किल्ली. तुझा फोन आला की उचलायची आणि तीन तासांत मुंबई. कॅनडाहून यायला अख्खा दिवस जातो, तोही लगेच तिकीट मिळालं तर.

निखिल म्हणाला, "आता खलास, रिकामी कर ती." मी चेन उघडली, किल्ली चाचपली आणि चेन परत लावली. सामानाचं वजन जास्त भरत होतं, म्हणून माझे बर्फाचे बूट काढले. बॅग भरलेलीच येतेय.

पाय दाखव, आई.

तुझी,
सुचित्रा