चौथा गडी

६ मार्च, रवि.
आजही चौघे जमलो नाही. सर औशाहून वेळेवर आले. ते कॉलेजात भूगोल शिकवतात, नकाशा दिसला की खूष. इम्रान शेजारच्या मेडिकलचं शटर अर्धं ओढून आला. उदगीरचा बिराजदार आलाच नाही. फोन केला तर मागे घोषणा चाललेल्या. "हितं उदगीर जिल्हा होऊन राहिलाय अन् तू मला लाकडाची राज्यं वाटायला बोलावतो व्हय?" ठेवला.
तिघे खेळाचा नकाशा मांडून चहा पीत बसलो. चहा हल्ली लहान कपात. पाणी नाही म्हणून आईने कपच बदललेत.
तिघांत हा खेळ होत नाही. चार राज्यं, मधून एक नदी, चोरून केलेले तह, दगाफटका. पूर्ण डावाला सहा तास. तिघे असले की दोघं मिळून तिसऱ्याला खातात आणि चहा गार व्हायच्या आत सगळं संपतं. पुण्याची नोकरी सोडून लातूरला आप्पांच्या पाईप-टाक्यांच्या दुकानात बसायला आलो तेव्हा दोस्तांनी हा खोका हातात दिला. गडी दिले नाहीत.

९ मार्च
भोकरच्या मामेभावाला फोन. "पैसे लावायचेत का?" नाही. "मग कशाला खेळायचं?"
दुपारी पाईपांची ऑर्डर घ्यायला कंधारला. काम झाल्यावर गजूकडे गेलो, शाळेतला दोस्त. नियम समजावून सांगितले. तो शहाण्यासारखी मान हलवत होता. सगळं ऐकून म्हणाला, "लग्न कर भावा." आतून त्याची बायको हसलेली ऐकू आली. एस.टी.त बसलो तरी कान गरमच. एकतीस वर्षांचा घोडा, दारोदार गडी मागत...
हे वाक्य पुरं करत नाही.

१४ मार्च
दुकानात टाक्यांना उसंत नाही. काळ्या, पांढऱ्या, उभ्या, आडव्या. लोक ट्रॅक्टर घेऊनच येतात. आप्पांना ही विक्री रुचत नाही. गिऱ्हाईक गेलं की म्हणतात, "टाकी दिली, आता तिच्यात काय वतणार हाय त्यो?" आमची स्वतःची टाकी तळाला लागलीय. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नाही.
आज आईने अक्काला फोन केला. अक्का माझ्याहून मोठी, नांदेडला दिलेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात आणायचं, हे आई अक्काच्या लग्नापासून ठरवून बसलेली. आज स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "यंदा तिकडंच ऱ्हा बाई. हितं बाळाचं धुणं कशात धुवावं?" अक्का काय म्हणाली कळलं नाही. आई बराच वेळ फोन पदराला पुसत होती.
मी तेव्हा सोंगट्या रंगाप्रमाणे डब्यांत लावत होतो. लिहायची लाज वाटते, पण लावत होतो.

२२ मार्च
पाण्याच्या टाक्यांजवळ पाचापेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही, असा हुकूम निघालाय. सर म्हणाले, "आपण चारच. एकदम कायदेशीर." तिघेही हसलो. मग इम्रान म्हणाला, "चार कुठे भाई, तीन." बिराजदारचा आज कायमचा नकार आला. जिल्हा झाल्याशिवाय पत्त्याचा जोडसुद्धा हातात धरायचा नाही, अशी त्याने शपथ घेतलीय म्हणे.
सरांनी विचारलं, "घरातलं, नात्यातलं कोणी?"
दाजी! अक्काचे मालक. बियाण्यांचं दुकान, सध्या गिऱ्हाईक नाही, दिवसभर बुद्धिबळ खेळतात. इतके दिवस कसं सुचलं नाही.

२५ मार्च
झालं. कसं झालं ते इथे तरी खरं लिहितो.
दाजींना नुसतं खेळायला या म्हटलं तर ते येणार नाहीत. जावई माणूस, बोलावणं नीट पाहिजे. म्हणून म्हणालो, "आईने बोलावलंय, दोन दिवस येऊन जा." आईला म्हणालो, "दाजींचं इथल्या आडतीत काम आहे, मुक्कामाला येतायत." आईचा चेहरा उतरला, मग लगेच हसली. "येऊ दे की. जावयाला न्हाई म्हणतेत व्हय?" आणि मोकळी भांडी मोजायला आत गेली.
दोन्हीकडे एकेक लहान थाप. कोणाचं काय बिघडतंय?

२७ मार्च, रवि.
शेवटी चौघे! सकाळीच मांडला. दाजी पहिला तास गप्प, नंतर असे खुलले की विचारू नका. सरांशी तह केला आणि इम्रानला नदीच्या वळणावर गाठलं. बुद्धिबळवाला माणूस, डोकं चालतं.
दुपारी इम्रान ओरडला, "अब दाजीका किला लेता!" लगेच आईची आतून हाक. गेलो. आई पोळपाटावरचे हात तसेच ठेवून दबक्या आवाजात, "जावई घरात आलाय अन् तुमी तिघं मिळून त्याला लुटून राहिलाव? लाज न्हाई वाटत?"
"अगं, खेळ आहे."
"खेळच हाय न्हवं? मग हरा की."
बाहेर येऊन इम्रानला डोळ्याने खुणावलं. तो जाणता आहे. किल्ला सोडून त्याने दुसरीकडे सैन्य नेलं. सरांनीही एक प्रांत इतक्या अदबीने सोडला, जणू आहेराचं ताट. दाजी जिंकले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुम्हा लातूरकरांला खेळता येत न्हाई राव! उद्या परत मांडू. राहतो मी."
इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो डाव असा गेला. तरी उद्या परत म्हटल्यावर आनंदच झाला.

२८ मार्च
आप्पा आंघोळ केल्याशिवाय लिंगपूजेला बसत नाहीत आणि पूजा झाल्याशिवाय घासाला शिवत नाहीत. तापात असतानासुद्धा. आज सकाळी न्हाणीत दाजींचा गाण्याचा आवाज, बादलीचा आवाज, भरपूर. आईने त्यांना कढत पाणी काठोकाठ काढून दिलेलं. देवघरात गेलो तर आप्पा ओल्या फडक्याने छाती पुसत होते. मग मान, मग हात. मग विभूती लावली आणि पूजेला बसले.
मला पाहिलं. मीच दारातून मागे सरलो.
नंतर आईला विचारलं तर उगाच चिडली. "मग काय करावं? शेजारून कालच चार घागरी उसन्या आणल्यात. जावयाला आंघोळ करू नका म्हणून सांगू?"
आणि हे सगळं वाचूनही कोणाला खोटं वाटेल, पण त्यानंतर मी बाहेर जाऊन डाव मांडला. सर आले होते, इम्रान आला होता. काय सांगणार होतो त्यांना? आज कसा खेळलो आठवत नाही. दाजीच जिंकले.

२९ मार्च
दाजी सकाळच्या गाडीने गेले. दुपारी अक्काचा फोन, आईला. आईने घाबरून स्पीकर लावला म्हणून ऐकलं.
"मला येऊ नको म्हनलीस. त्यांला मातर बोलावनं धाडून बोलावलंस. मी काय जास्त पानी पिते का गं?"
आई नुसती "अगं... अगं बाई..." करत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तेवढ्यात तिला सगळं कळलं, आडतीतलं काम, बोलावणं, सगळं. मला वाटलं आता सांगेल. ती फोनमध्ये म्हणाली, "चुकलं बाई माझं."
अक्काने फोन ठेवला.
आई उठून भाकरी थापायला गेली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ एप्रिल, रवि.
इम्रान आला, "आज क्या?" म्हणाला. डोकं दुखतंय म्हणून परत पाठवला. सरांना फोनवर तेच. सर म्हणाले, "सगळं ठीक ना?" ठीक.
आई रोज अक्काला फोन लावते. उचलत नाही. दाजी उचलतात, "झोपलीय" म्हणतात.

७ एप्रिल
उद्या पाडवा. आप्पा जेवताना म्हणाले, "नांदेडला जाऊन ये." एवढंच. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. म्हणालो, दुकानात गर्दी आहे, या आठवड्यात जमणार नाही. गर्दी आहेच. पण मी भित्रा आहे हेही आहेच. नकाशावर तीन-तीन राज्यांना एका दमात फसवायचो आणि बहिणीच्या दारात उभं राहायचं म्हटलं की दुकानाची गर्दी पुढे करतो.

१३ एप्रिल
रेल्वेने पाणी आलं शहरात. स्टेशनवर ही गर्दी, हार काय, फोटो काय. आमच्या गल्लीत अजून काही नाही. आई म्हणाली, "आता तरी यील का ती?" मला विचारलं नाही, भिंतीला विचारलं. पण बरेच दिवसांनी मी समोर असताना बोलली.
रविवारी जातो. लिहून ठेवतो म्हणजे टाळता येणार नाही.

१७ एप्रिल, रवि.
नांदेडला जाऊन आलो.
दारात पाय ठेवला तर अंगणात पाईप लावून फरशी धुणं चाललेलं. पाणी नुसतं वाहत होतं. अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "लातूरहून आलाव, आधी न्हाऊन घ्या बाबा. मग बोला." नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. दोन बादल्या घेतल्या. साबण लावताना आप्पांचं फडकं डोळ्यापुढे, तरी घेतल्या.
अक्का पलंगावर, पाय उशीवर. डॉक्टरांनी जास्त हलू नको म्हणून सांगितलंय. चेहरा भरलाय तिचा. मी ओल्या केसांनी समोर बसलो आणि पाठ केलेलं एका दमात बोलून टाकलं. "अक्का, आईने नाही, मी बोलावलं होतं दाजींना. खेळायला. आईला काही माहीत नव्हतं."
"ठाव हाय मला."
"कधीपासून?"
"मी फोन ठेवला त्या राती त्यांनीच सांगितलं की. किल्ला काय, नदी काय, गडी हुडकत तू कुटं कुटं फिरलास काय. दोन दिवस तेच चालू हुतं."
"मग आईवर राग का धरलास?"
"फोन केला तवा मला आईनंच बोलावलं वाटलं. आता कंच्या तोंडानं बोलू तिच्याशी?" तिने पायाखालची उशी सरकवली. "खोटं बोललास त्याचं काय न्हाई रे. तू ल्हानपणापासून तसाच."
मला बरं वाटायला लागलं होतं. इतक्यात म्हणाली,
"उदगीरला फोन केलास, भोकरला केलास. कंधारला त्या गज्याच्या दारात जाऊन बसलास. सहा तास कोन देईना, सहा तास कोन देईना. मी हितं पलंगावर येकटी पडून हाय. सकाळपासून दिवस मावळोस्तवर. बोलायला मानूस न्हाई. यवडं सगळं गाव फिरलास उमेश, मला इचारावं असं तुला सुचलंबी न्हाई?"
सुचलं नव्हतं. एकदाही नाही. ज्या घरात फोन केला त्याच घरात ती होती. "दाजी आहेत का?" असं मी तिलाच विचारलं होतं, फोन तिनेच उचलला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "हायत, देते."
काहीतरी बोलावं म्हणून "तुला आवडेल असं वाटलं नाही" म्हणालो. मग सासूबाई चहा घेऊन आल्या. मोठ्या कपात, काठोकाठ. अक्का त्यांच्याशी बाळाच्या दुपट्यांबद्दल बोलायला लागली आणि मी निघेपर्यंत तेच बोलत राहिली.
निघताना पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला. ठेवला, पण लगेच काढला.

१८ एप्रिल
काल घरी पोचलो तेव्हा आईला फक्त "तब्येत चांगली आहे" एवढं सांगून आत गेलो होतो. आज सकाळी तिने समोर बसवलं.
"बोलली का?"
"बोलली. तुझ्यावर राग नाही तिचा."
आईने डोळे पुसले. "मग पाऊस पडल्यावर तरी येते म्हनली का?"
"विचारायचं राहिलं."
खरंच राहिलं. त्याचसाठी गेलो होतो आणि तेवढंच राहिलं. येतेस का, खेळतेस का, काहीच विचारलं नाही. तिने एवढं तोंडावर सांगितल्यावरसुद्धा.
"मग आता लाव की फोन," आई म्हणाली. "तू इचार. माझा उचलत न्हाई."
लावतो म्हणालो. आई समोर बसून आहे, आणि मी हे लिहीत बसलोय.