बत्ता सांगलीत आहे

सांगली,
१८ नोव्हेंबर १९९६

चि. शौनक यास,
अनेक आशीर्वाद. सौ. क्षमालाही. आम्ही दोघं ठीक आहोत असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहून टाकते.

फराळ यंदा विकतच आणला. तुझे बाबा म्हणाले, चकली बरी आहे, आणि अर्धी ताटात ठेवली. थंडी म्हणण्यासारखी नाही, तरी मी दुपारीसुद्धा शाल घेऊन बसते. दोन ओळी लिहिल्या की हात टेकवावा लागतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

क्षमाने फोनवर विचारलं, लोखंडी खलबत्त्यातला खल इथे आहे, बत्ता कुठे गेला? सांगलीहून हवाई बेटांपर्यंत एवढं ओझं तुम्ही आणलंत आणि बत्ताच हरवला, म्हणून बिचारी हळहळत होती. मी म्हटलं, असेल कुठेतरी. तिला आणखी शोधायला लावू नकोस.

तुमच्या ज्वालामुखीचं गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. बायका विचारतात, मुलगा रोज हेलिकॉप्टरमधून त्या आगीवरून माणसं फिरवून आणतो, तुम्हाला झोप कशी लागते? मी सांगते, फार सांभाळून नेतो. आधी एकेकाला काट्यावर उभं करतो, मग वजन बघून जागा देतो. हलकी माणसं पुढे. मी तिकडे आले तेव्हा मला तुझ्याशेजारीच बसवलंस. खाली काळं रान, त्याच्या भेगांतून लाल रस वाहतोय, आणि तो समुद्राला मिळतो तिथे नुसती वाफ. तू हेडफोनमधून सगळ्यांना इंग्रजीत समजावत होतास आणि मध्येच मराठीत विचारलंस, "आई, भीती वाटते का गं?" मी नाही म्हटलं. वाटत होती रे. पण खालच्या आगीची नव्हे.

परवा कामाला येणाऱ्या शालूबाईने कपाट आवरताना बत्ता बाहेर काढला. "आवं वैनी, ह्यो हितं कसा? आन् खल कुटं हाय?" मी म्हटलं, ठेव जागेवर. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडेच बघत राहिली. "तुमी लय वाळलाय," म्हणाली.

हेच तू म्हणू नयेस म्हणून तर सगळं केलं. दोन वर्षांपूर्वी भेटलो तेव्हाचं माझं वजन तुझ्या लक्षात असणार, मला ठाऊक होतं. रोजचं कामच ते तुझं. त्या सकाळी बत्ता फडक्यात गुंडाळून साडीखाली कमरेला बांधला, वर बाबांचा जाड कोट चढवला. काटा बघून तू म्हणालास, "थोडीशीच उतरलीस, चालायचंच." माझा जीव भांड्यात पडला. नंतर क्षमा स्वयंपाकघरातून हलेना, बत्ता जागेवर ठेवता येईना, म्हणून बत्ता बॅगेत दडवला, तो इथे आला.

मिरजेच्या डॉक्टरांनी मी निघायच्या आधीच सांगितलं होतं. पोटात गाठ आहे, पसरली आहे. तुला कळलं असतं तर तू मला परत येऊ दिलं नसतंस, आणि मला माझ्या घरी यायचं होतं. शिवाय एकदा तुझ्याशेजारी बसून तुझं काम बघायचं होतं, आजारी बाई म्हणून नाही. आता लपवायचंही त्राण उरलं नाही. बाबा मला पेज भरवतात आणि पाठ फिरवून डोळे पुसतात. त्यांना एकट्याला हे झेपणार नाही. मलाही.

क्षमाला सांग, बत्ता मी पोस्टाने पाठवणार नाही. तू येऊन घेऊन जा. मे महिन्याची सुट्टी धरू नकोस, लगेच निघ.

तुझी वाट बघणारी,
आई